घरच्या संगणकांतील दुभाषे

घरांतील कोणती वस्तु बदलावी आणि कोणती तशीच राहूं द्यावी, हें ज्याला समजलें त्याला अर्धा संसार समजला, असें आमची आजी म्हणत असे. तिच्या डोळ्यांपुढें जातें, पाटा-वरवंटा आणि विहिरीचा रहाट हीं होतीं. जातें नीट दळत असतां त्याला उगाच टाकी लावूं नये, आणि तें भरडूं लागलें म्हणजे टाकी लावण्यास आळस करूं नये, हा तिचा दंडक. आज आमच्या घरांत जातें नाहीं. बाहेरच्या खोलींत संगणक आहे. परंतु आजीच्या दंडकाचा खरा अर्थ मला त्या संगणकापाशींच, आणि तोहि चांगलाच ओशाळा होऊन, कळला. ती हकीकत सांगण्यांत माझी फजिती आहे. तथापि एका घराची फजिती दहा घरांच्या उपयोगीं पडत असेल, तर ती सांगून टाकावी हेंच बरें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. अण्णा व आई, थोरले बंधु व वहिनी, मी व माझी पत्नी आणि तीन मुलें अशीं नऊ माणसें, आणि नऊ माणसांत हा एक संगणक. फोन ज्याचे त्याच्याजवळ आहेत. पण बसून करावयाचें काम म्हटलें कीं सगळ्यांची धांव त्या एका टेबलाकडे. सकाळीं वहिनी घरखर्चाचा आणि विम्याच्या हप्त्यांचा हिशेब मांडतात, संध्याकाळीं मुलांचा अभ्यास चालतो, आणि दुपारीं दोन ते पांच हा वेळ अण्णांचा. अण्णांचें वय ब्याऐंशी. गेलीं अकरा वर्षें ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करीत आहेत. इंदूर, सागर, बडोदें, तंजावर येथें पांगलेल्या शाखांना पत्रें घालून, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतील नोंदींशीं नांवें ताडून पाहून, त्यांनीं ती सर्व माहिती एका बोटानें टंकून ठेविली आहे. गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत भरणाऱ्या कुलसंमेलनांत ह्या ग्रंथाचीं कच्चीं पानें वडीलधाऱ्यांच्या हातीं देऊन चुका सुधारून घ्यावयाच्या, असें ठरलें होतें. त्या वडीलधाऱ्यांपैकीं दोघे-तिघे नव्वदीच्या घरांतले. पुढच्या संमेलनाला ते असतील कीं नाहीं, हें कोणी बोलून दाखवीत नव्हतें. पण अण्णांच्या घाईंत तें दिसत होतें.

संमेलनाला आठ दिवस उरले असतां प्रिंटरमधून पानें फिकट, मधून मधून पांढरे पट्टे पडलेलीं अशीं येऊं लागलीं. “मी पाहतों,” असें म्हणून मी टेबलाशीं बसलों. ह्या विषयांतला जाणता मीच, अशी घरांत एक समजूत होती व ती बव्हंशीं मींच वाढविली होती. इंटरनेटवर उपाय शोधतां शोधतां एक जाहिरात पुढें आली. तिनें क्षणार्धांत माझा संगणक ‘तपासला’ आणि तांबड्या अक्षरांत निवाडा दिला, कीं तुमच्या संगणकांतील तेवीस ड्रायव्हर जुने झाले आहेत ! त्यांतील कित्येकांपुढें तारीख होती २१ जून २००६. जवळजवळ वीस वर्षांपूर्वींची सामग्री आपण घरांत बाळगून आहों, ह्याची मला लाज वाटली. नऊशें रुपये भरले, आणि सर्व ड्रायव्हर एकदम बदलण्याचें बटण दाबलें.

यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झालें आणि पडद्यावर निळा रंग पसरला. कांहींतरी बिघाड झाला आहे, एवढें सांगून तें पुन्हां बंद पडलें. असें तीन वेळां झालें. मागें वळून पाहतों तों दारांत अण्णा उभे.

“काय रे, छापून झालें का ?”

“थोडी अडचण आली आहे, अण्णा.”

“माझीं पानें आहेत ना त्यांत ?”

मी मान खालीं घातली. अकरा वर्षांचें काम त्या पेटींत होतें आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. अण्णा एक शब्दहि न बोलतां आपल्या खोलींत गेले. त्या दिवशीं त्यांनीं दुपारचा चहा घेतला नाहीं.

ड्रायव्हर म्हणजे कोण ?

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं हा ड्रायव्हर कोण, हें सांगितलें पाहिजे. नांवावरून मोटार हांकणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. पण त्याचें खरें काम दुभाष्याचें आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हां त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. असा मनुष्य मध्यें नसता तर नजराणा आणि मुजरा ह्यांपलीकडे बोलणें गेलें नसतें. संगणकांतहि हाच प्रकार आहे. यंत्राचा सारा कारभार पाहणारी जी प्रणाली (आमच्या घरीं ती विंडोज आहे) तिला जगांतील प्रत्येक प्रिंटरची, कॅमेऱ्याची आणि ध्वनियंत्राची भाषा येणें शक्य नाहीं. ‘हें पान छापून पाहिजे,’ एवढेंच ती सांगते. कागद केव्हां ओढावा, शाईचा थेंब कोठें पडावा, हें त्या विशिष्ट प्रिंटरच्या बोलींत उतरवून सांगणारा जो छोटासा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर.

ही व्यवस्था जुनी आहे. १९८३ सालीं आलेल्या एम्‌एस्-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून असे दुभाषे बाहेरून आणून बसविण्याची सोय झाली. मात्र कोणाला बसवावयाचें त्याची याद ‘कॉन्फिग.सिस’ नांवाच्या फाइलींत मालकानें स्वतः लिहावी लागे. १९९५ च्या ऑगस्टमध्यें विंडोज ९५ बाहेर पडली, तेव्हांपासून नवें उपकरण जोडतांच प्रणालीनेंच तें ओळखावें आणि दुभाष्याहि तिनेंच शोधावा, असा प्रयत्न सुरू झाला. १९९६ सालीं यूएसबीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मात्यांतील एक प्रमुख गृहस्थ अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले. ह्या पद्धतींत एका वर्गाच्या उपकरणांना एक सामान्य बोली ठरवून दिलेली असते. म्हणूनच साधा माउस, कीबोर्ड किंवा पेनड्राइव्ह ह्यांच्यासाठीं आपणांस वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाहीं. खटपट उरते ती विशेष गुणांच्या उपकरणांपुरती : प्रिंटर, पडद्यावरील चित्र रेखाटणारा ग्राफिक्सचा भाग, ध्वनि, वाय-फाय इत्यादि.

आतां ह्या दुभाष्याचा अधिकार पाहा. आपण लिहिण्यासाठीं किंवा हिशेबासाठीं जे प्रोग्रॅम वापरतों, ते दिवाणखान्यांत बसविलेल्या पाहुण्यांसारखे असतात. त्यांच्या हातून पेला फुटला तर पेल्यावर निभावतें. परंतु पुष्कळसे ड्रायव्हर प्रणालीच्या अगदीं गाभ्यांत वावरतात. कोठीघराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात. तेथें चूक झाली म्हणजे पुढील नुकसान टाळण्यासाठीं प्रणाली सर्वच व्यवहार थांबविते, आणि तो निळा पडदा म्हणजे तिनें लावलेली कडी होय. १९ जुलै २०२४ रोजीं ह्याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन सुरक्षा कंपनीनें आपल्या गाभ्यांत बसणाऱ्या ड्रायव्हरला वाचावयास एक माहितीची फाईल धाडली. ती सदोष निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. विमानें खोळंबलीं, इस्पितळांतील कामें अडलीं, आणि भारतांतील विमानतळांवर हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें प्रवाशांना देण्याची पाळी आली. एक फाईल पुरेशी न तपासतां सर्वत्र एकदम पाठविली, एवढीच ती चूक. माझी चूक आकारानें लहान, पण जातीनें तीच होती.

२१ जून २००६ चें रहस्य

ज्या तारखेनें मला लाजविलें तिची गोष्ट तर मौजेची आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या पुष्कळशा ड्रायव्हरांवर ही तारीख मुद्दाम घातलेली असते. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन ह्यांनीं तिचा खुलासा केला आहे. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडत असतील, तर विंडोज ज्याची तारीख अलीकडची त्याला पसंत करते. तारीखहि एकच असेल तर आवृत्तीचा आंकडा पाहते. आतां विंडोजनें आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरची तारीख दरवेळीं पुढें नेली, तर उपकरणाच्या कारखानदारानें खास त्या उपकरणासाठीं केलेला ड्रायव्हर मागें पडून त्याच्या जागीं हा सर्वसाधारण येऊन बसेल. तसें होऊं नये म्हणून विंडोजनें आपल्या ड्रायव्हरांची तारीख कायमची मागें ठेविली. घरच्या यजमानानें पाहुण्याला पाट देऊन आपण मागें बसावें, तशी ही रीत. ड्रायव्हरचें खरें वय त्याच्या आवृत्तीच्या आंकड्यावरून कळतें. जाहिरातवाल्यांना हें ठाऊक नसेल असें मानण्याइतका मी आतां भोळा राहिलेलों नाहीं.

वहिनींची वही

रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातांत घरच्या जिनसांची वही होती. शिवणयंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत प्रत्येक वस्तु केव्हां घेतली, तिचा नंबर काय, दुरुस्ती कधीं झाली, हें त्या वहींत टिपलेलें असतें. आम्ही भाऊ त्या वहीची थट्टा करीत असूं.

“भाऊजी, तुम्ही आधीं टेबलावरून उठा,” त्या म्हणाल्या. “आणि मी म्हणेन तें फोनवर वाचून दाखवा. एका वेळीं एकच गोष्ट करूं.”

सुरू होतांना यंत्र वारंवार बंद पडलें, म्हणजे विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथें ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ अशी वाट आहे. ह्या वाटेवर यंत्रानें अठ्ठेचाळीस आंकडी किल्ली मागितली. संगणकांतील मजकूर सांकेतिक रूपांत कुलूपबंद असला म्हणजे ती लागते. मला ती असते हेंहि ठाऊक नव्हतें. वहिनींच्या वहींत ती खरेदीच्या दिवसापासून लिहिलेली होती. पुढें चार हा आंकडा दाबतांच ‘सेफ मोड’ उघडला. ह्या अवस्थेंत विंडोज अगदीं अत्यावश्यक तेवढेच दुभाषे बोलाविते व बाकीच्यांना दाराबाहेर ठेविते. चित्र ओबडधोबड दिसतें, आवाज नसतो. पण घर उघडतें.

मी लगेच ड्रायव्हरांकडे वळणार तों वहिनी म्हणाल्या, “आधीं अण्णांचीं पानें.” त्यांनीं पेनड्राइव्ह लावून कुलवृत्तान्ताची प्रत काढली, ती दादांच्या स्वाधीन केली, आणि आंत जाऊन अण्णांना सांगून आल्या. मगच दुरुस्तीला हात घातला.

‘डिव्हाइस मॅनेजर’ ही ह्या सर्व दुभाष्यांची हजेरीपटावरची यादी होय. स्टार्टच्या बटणावर माउसचें उजवें बटण दाबलें कीं ती सांपडते. ज्याच्यापुढें उद्गारचिन्ह असलेला पिवळा त्रिकोण असेल, तेथें दुखणें आहे असें समजावें. कोणत्याहि नांवावर दोनदां टिचकी मारून ‘ड्रायव्हर’ ह्या भागांत गेलें कीं तारीख, आवृत्ति आणि कर्ता दिसतो. तेथेंच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असें बटण असतें. त्यानें नव्याला काढून आधींचा परत येतो. (आधींचा शिल्लक नसेल तर तें बटण फिकट असतें.) ग्राफिक्सचा ड्रायव्हर अशा रीतीनें मागें घेतला, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि निळ्या पडद्याच्या जागीं मुलांनीं लावलेलें शिवनेरीचें चित्र दिसलें. त्यानंतर तो विकत घेतलेला प्रोग्रॅम काढून टाकला. प्रिंटरचा बदललेला ड्रायव्हर काढून, वहींतील नंबर पाहून, कारखानदाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून योग्य तो आणून बसविला. रात्रीचे साडेबारा झाले होते.

पहिलें पान छापलें. पूर्वीं होतें तसेंच फिकट, तसेच पट्टे !

“म्हणजे ड्रायव्हरचा दोष नव्हताच,” वहिनी शांतपणें म्हणाल्या. प्रिंटरच्याच सोयींत शाईचें तोंड साफ करण्याची एक सोय असते. ती दोनदां चालविली. गणपतीनंतर रंगीत असें कांहीं छापलेंच नव्हतें. शाई सुकून बसली होती. तिसऱ्या खेपेस पान स्वच्छ आलें.

नियम कोणते ?

ह्या प्रकारानंतर आम्हीं घरांत जे नियम ठरविले ते वाचकांना उपयोगीं पडतील म्हणून देतों.

पहिला प्रश्न, बदलावें केव्हां ? नवें उपकरण चालत नसेल, यादींत पिवळा त्रिकोण दिसत असेल, विंडोजची आवृत्ति बदलल्यावर कांहीं बिनसलें असेल, किंवा सुरक्षिततेची उणीव निघाली असेल, तर अवश्य बदलावें. ह्या शेवटल्या कारणाकडे दुर्लक्ष मुळींच करूं नये. २०२१ च्या जुलैंत विंडोजच्या छपाईच्या व्यवस्थेंत अशी उणीव उघड झाली, कीं दुष्ट हेतूचा मनुष्य प्रिंटरच्या ड्रायव्हरचें सोंग देऊन आपला प्रोग्रॅम आंत घुसवी व यंत्राचा ताबा घेई. अशा दुरुस्त्या ‘विंडोज अपडेट’ मार्फत येतात. त्या वेळच्या वेळीं घ्याव्या. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, हें जुन्या संगणकाच्या मालकांनीं ध्यानांत ठेवावें. जेथें कसलीच तक्रार नाहीं आणि सुरक्षिततेचा प्रश्न नाहीं, तेथें केवळ नव्याच्या हौसेनें बदलूं नये.

दुसरा, आणावें कोठून ? आधीं विंडोज अपडेटमधून. त्यांतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्यें ‘ऑप्शनल अपडेट्स’ ह्या सदराखालीं ड्रायव्हर असतात. तेथें न मिळाल्यास संगणकाच्या कारखानदाराच्या संकेतस्थळावरून, आणि त्यानंतर त्या सुट्या भागाच्या कारखानदाराकडून. वाटेंत भेटलेल्या जाहिरातींतून कधींहि नाहीं. जी जाहिरात न विचारतां आपल्या घरांतील रोग सांगते, तिच्या औषधापासून दूर राहावें.

तिसरा, करावें कसें ? आधीं आपल्या कामाची प्रत दुसरीकडे काढावी. मग ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे पुढें बिघडल्यास प्रणालीला त्या दिवसाच्या स्थितीवर परत नेतां येतें. मात्र ह्या सोयीनें गमावलेलीं पत्रें व लेख परत मिळत नाहींत. त्यांना प्रतच पाहिजे. चालू ड्रायव्हरची आवृत्ति वहींत टिपावी. नंतर एक ड्रायव्हर, फक्त एक, बदलून यंत्र पुन्हां सुरू करावें व दोन-चार दिवस वापरून पाहावें. तेवीस दुभाष्यांची एका रात्रींत बदली केली, तर घोटाळा कोणीं केला तें ओळखावयाचें कसें ?

चौथा नियम ‘बायोस’ विषयीं. तो ड्रायव्हर नव्हे. संगणकाच्या मुख्य पटावरच कोरलेली ती पहिली आज्ञावली आहे. ती बदलत असतां वीज गेली तर यंत्र पुन्हां उठेलच असा भरंवसा नाहीं. कारखानदारानें सांगितल्यावांचून, आणि विजेची खात्री असल्यावांचून, तिला हात लावूं नये.

मार्गशीर्षांत संमेलन ठरल्याप्रमाणें पार पडलें. तंजावर-शाखेच्या एक्याण्णव वर्षांच्या आजींनीं जाड भिंगाच्या चष्म्यांतून तीन पानें वाचलीं आणि आपल्या सासऱ्यांच्या एका भावाचें नांव गळलें आहे, असें सांगितलें. तो मुलगा आठव्या वर्षीं वारला होता. त्याचें नांव ठाऊक असलेल्या त्याच एकट्या उरल्या होत्या. अण्णांनीं तें नांव पेन्सिलीनें समासांत लिहून घेतलें. तें पान अण्णांनीं अजून जपून ठेविलें आहे.

आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कुलवृत्तान्ताच्या दोन प्रती निघतात. एक दादांच्या कपाटांत असते, दुसरी बहिणीच्या घरीं. वहिनींच्या वहीची थट्टा बंद झाली आहे. त्या वहींत प्रिंटरच्या पानावर त्या रात्रींची नोंद आहे, ती अशी : ‘शाईचें तोंड सुकलें होतें. साफ केलें. ड्रायव्हरचा दोष नाहीं. भाऊजींचे रु. ९०० गेले.’ कांहीं नवें बसविण्याची हुक्की आली म्हणजे मी ती नोंद एकदां वाचतों.